सोंगाचा मान

मराठीत सोंग आणतात, घेतात, काढतात, नाचवतात आणि हात बसला असेल तर वठवतात. ढोंग नुसतं करतात. फार तर माजवतात. जे नाही ते दाखवणं, हे दोन्हींत सारखंच. यमक जुळतं म्हणून आपण दोघांची जोडी लावून दिली आणि 'पुरे झाली तुझी सोंगंढोंगं' असं एका दमात म्हणून मोकळे झालो. पण क्रियापदांकडे पाहिलं की दोघांची कुळं वेगळी आहेत हे कळतं. सोंग आणावं लागतं, म्हणजे ते आधी कुठेतरी ठेवलेलं असतं. पेटाऱ्यात, माळ्यावर, नाहीतर गावाच्या आठवणीत. ते चढतं आणि उतरतं. वठलं की बघणारे मान डोलावतात, फसलं की हसतात. ढोंग छान वठल्याचं कुणी कधी ऐकलंय? साधलं तर ते कुणाला कळतच नाही, आणि कळलं की त्याला 'उघडं पडलं' म्हणतात.

माणसांची नावंही बघा. सोंग आणणारा तो सोंगाड्या. तमाशाच्या फडात त्याला पगार असतो, नाव असतं. दादा कोंडक्यांनी 1971 साली त्याच्या नावाचा सिनेमा काढला तेव्हा लोकांनी तो डोक्यावर घेतला. ढोंग करणारा नुसता ढोंगी. 'ढोंगाड्या' असा शब्द मराठीने घडवला नाही. सोंगाड्याचं काम आटोपलं की तो तोंड धुऊन भाकरी खायला बसतो. ढोंग्याला जेवतानाही ढोंग सांभाळावं लागतं.

असं असूनही रोजच्या बोलण्यात सोंगाची इभ्रत राहिलेली नाही. केस विस्कटलेले, शर्टाचं एक टोक आत नि एक बाहेर, असं पोरगं दारात उभं राहिलं की आई म्हणते, 'काय सोंग आलंय बघा!' सुनेने काही वेगळं करायचं म्हटलं की सासूला ते 'नवीन सोंग' वाटतं. दर सोमवारी पोट दुखणाऱ्या सहकाऱ्याचं ते सोंग. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण तर कुठल्याही मोर्चाच्या भाषणात एकदा येऊन जातेच. तिथे खरं तर ढोंग म्हणायला हवं; पण 'झोपेचं ढोंग' तोंडात बसत नाही, म्हणून बिचाऱ्या सोंगाला वेठीला धरलं. माझी तक्रार एवढीच आहे की या शेजारामुळे एक कष्टाळू शब्द बदनाम झाला. शब्द बदनाम होतात, त्याचं काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. पण त्याच्याबरोबर आपली एक नजरही गेली, असं मला वाटतं. ती नजर मी पाहिली ती कोकणात.

माझं आजोळ कुडाळकडचं. कार्तिकात तिकडे जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दशावतार असतो. पूर्वी मंडळी पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायची. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं त्यांच्याविषयी म्हणतात ते त्यामुळेच. माझ्या लहानपणी टेम्पो आला होता, बोजा गेला होता, पण राजा सकाळी उघड्या अंगाने विहिरीवर दात घासायचा तो तसाच. दुपारी मंडळी येऊन देवळामागच्या पडवीत पथारी पसरायची. जेवण गावाकडून. संध्याकाळी पडवीचा रंगपट व्हायचा, आणि आम्ही पोरं तिथेच घुटमळायचो. कुणी हाकलत नसे. आज आठवलं की याचंच नवल वाटतं. कुठला जादूगार आपली पेटी पोरांसमोर उघडेल?

त्यातल्या स्त्रीपार्टीचं रंगणं बघायला आम्हाला फार आवडायचं. दशावतारात राजपार्टी असते, राक्षसपार्टी असते, तशी स्त्रीपार्टी. बायांची कामं करणारा पुरुष. आमच्याकडे यायचा तो चांगला रापलेल्या हातांचा शेतकरी माणूस होता. मांडी घालून बसायचा, गुडघ्याला आरसा टेकवायचा. दाढी एकदा उलटी, एकदा सुलटी. मग पांढरा रंग पाण्यात कालवून कपाळापासून खाली ओढत आणायचा, कानाची पाळी विसरायचा नाही. भुवया काजळाच्या काडीने. तोंडात विडी तशीच, ओठ रंगवायची वेळ येईपर्यंत. ओठ रंगले की विडी बाजूला आणि त्यानंतर तो पुरुषासारखा बोलायचा नाही. नेसताना लुगड्याच्या निऱ्या हनुवटीखाली धरायचा, ही सवय मी माझ्या मावशीची पाहिलेली. शेवटी गंगावन बांधलं, गजरा माळला, आणि उठताना त्याने पदर अशा काही झटक्याने खांद्यावर घेतला की आमच्यातलं एक पोरगं आपोआप सरकून वाट देऊन उभं राहिलं.

मध्यरात्र उलटायच्या बेताला खेळ उभा राहायचा. पायपेटी, मृदंग, झांज. आधी गणपती येतो, रिद्धीसिद्धी घेऊन. सोंडेचा मुखवटा लावून तो नाचायला लागला की आजी मला ढोसायची, "गणपती इलो, हात जोड." त्या मुखवट्याखालच्या माणसाला तिनेच दुपारी पेज वाढली होती. तो कुठल्या गावचा, त्याच्या बहिणीचं लग्न कुठे ठरतंय, हे सगळं तिने पेज वाढता वाढता काढून घेतलं होतं. तरी हात जोडताना तिच्या चेहऱ्यावर जराही गंमत नसे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस दाराशी आला की ती म्हणायची, "काल बरां नाचलंस रे." दोन्ही खरं. गणपती आला होता हेही खरं आणि हा बरा नाचला हेही खरं. आजीला यात कुठे अडल्यासारखं वाटत नव्हतं. अडचण पुढे मला, चार पुस्तकं वाचल्यावर वाटायला लागली.

सोंग आणणारा आणि बघणारा यांच्यातल्या या न बोललेल्या कराराची मजा घेण्यासाठीच तर दशावतारातला संकासुर असतो. तो वेद चोरणारा दैत्य. काळा वेश, काळा चेहरा, लोंबणारी लाल जीभ. बोलतो मात्र मालवणी, आणि ब्रह्मदेवाच्या गोष्टीतून सरळ गावच्या पाणीपट्टीवर उतरतो. संवाद लिहिलेले नसतात. कुठलं आख्यान करायचं ते सांगितलं जातं, बाकीचं ज्याच्या त्याच्या जिभेवर. एक लाकडी बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन, राक्षस चढला की डोंगर. कुणाला शंका येत नाही. 2025 साली दिलीप प्रभावळकरांनी काम केलेला 'दशावतार' हा सिनेमा आला तेव्हा शहरातल्या कितीतरी जणांना या नटांचं अस्तित्वच प्रथम कळलं, बरं झालं. पण पडद्यावर विहिरीवरचा राजा आणि बाकड्यावरचा राजा जवळ असले तरी आजीच्या आणि त्याच्यामधलं ते पेजेचं अंतर काही येत नाही. त्याला पडवीच लागते.

कोकणातून घाट चढण्याआधी उत्तरेला जव्हार-मोखाड्याकडे वळलं तर तिथे बोहाडा. उन्हाळ्यात, रात्री, मशालींच्या उजेडात. लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे मोठमोठाले मुखवटे, संबळाच्या ठेक्यावर एकामागून एक नाचत येतात: गणपती, शारदा, नरसिंह, रावण, आणि शेवटी देवी नि महिषासुराची लढाई. तिथे मुखवट्याला मुखवटा म्हणत नाहीत, सोंगच म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. तो त्या घराचा मान. शेतात राबणारा, धरणाच्या किंवा भिवंडीच्या कामाला गेलेला माणूस त्या रात्रीसाठी गावी परततो, कारण भीम त्याच्या घरचा आहे आणि तो दुसऱ्या कुणी नाचवला तर घराची शोभा जाईल. 'सोंग' आणि 'मान' हे शब्द एका वाक्यात इतक्या सहजपणे येतात हे ऐकून शहरातल्या माणसाला बरं वाटावं.

संतांनाही हा शब्द परका नव्हता. एकनाथांची भारुडं म्हणजे सोंगांची जत्राच. आंधळा, मुका, बहिरा, जोशी, वासुदेव, गोंधळी, वेडी. पैठणच्या त्या विद्वान ब्राह्मणाने सोळाव्या शतकात महाराच्या जोहारात तोंड घातलं आणि त्यातून बोलला. भारुडाचे प्रकार पाडणारे अभ्यासक त्यातल्या एकाला 'सोंगी भारूड'च म्हणतात. अजूनही आषाढीला पंढरपुरात एखादा मिशीवाला बाप्या नऊवारी नेसून वेडी होतो, आणि बायका डोळ्याला पदर लावतात. हेच संत दांभिकांवर, भगवी वस्त्रं गुंडाळून पोट भरणाऱ्यांवर असे तुटून पडले की आजही ते वाचताना कान गरम होतात. म्हणजे त्यांना दोन्हींतला फरक नीट कळत होता. लुगडं नेसलेल्या पुरुषाला त्यांनी जवळ केलं आणि भगव्यातल्या साधूला धुतलं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो.

फरक इतका सरळ असता तर मात्र हा लेख इथेच संपला असता. आग्र्याचं घ्या. 1666 साली शिवाजी महाराजांनी औरंगजेबाच्या कैदेत आजारपणाचं सोंग घेतलं, मिठाईचे पेटारे बाहेर जाऊ लागले, आणि पलंगावर हिरोजी फर्जंद हात बाहेर काढून निजला, ही गोष्ट मराठी मुलाला चौथीच्या पुस्तकाआधीच ठाऊक असते. ह्यात फसणारा होता, आणि त्याला काही कळू द्यायचं नव्हतं. माझ्या हिशेबाने हे ढोंग. पण कुठलाही मराठी माणूस 'आजारपणाचं ढोंग' म्हणणार नाही. म्हणाला तर कानफटात बसेल. तिथे सोंगच हवं. मला वाटतं, याचं कारण गोष्ट सांगणाऱ्याच्या जागेत आहे. गोष्ट ऐकताना आपण पलंगाच्या आतल्या बाजूला असतो. पेटाऱ्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं, पहारेकऱ्याला नसतं. आग्र्याच्या कुठल्या सरदाराने त्या रात्रीची हकिकत लिहिली असेल तर त्याने सोंग हा शब्द खचित वापरला नसेल.

आणि मग लखोबा लोखंडे. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 साली रंगभूमीवर आलं. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेलं. नावं बदलून, धर्म बदलून, हुद्दे बदलून लग्नं करणारा आणि बायकांचे दागिने घेऊन पसार होणारा माणूस. हे निखळ ढोंग, त्याला दुसरं नाव नाही. प्रभाकर पणशीकरांनी ते नाटकात पाच रूपांत उभं केलं: तंबाखूचा व्यापारी लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, दाजीशास्त्री, राधेश्याम महाराज. फिरता रंगमंच वळायचा आणि तेवढ्या वेळात पणशीकर वेगळेच होऊन यायचे. लोक टाळ्या वाजवायचे त्या कशाला? भामट्याला नव्हे हे उघड. ढोंग्याचं सोंग एका नटाने वठवलं, त्या वठण्याला. मजा अशी की त्या नाटकातल्या बायका फसतात आणि नाटकगृहातल्या बायका फसत नाहीत, पण दोघी पाहत असतात एकाच माणसाकडे. 'तो मी नव्हेच' हे तीन शब्द पुढे कोर्टकचेऱ्यांपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे गेले, आणि तिथे मात्र ते म्हणणाऱ्यांनी रंग उतरवल्याचं फारसं दिसलं नाही.

'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही,' असं आमच्या गल्लीतले वाणीकाका उधारीच्या वहीवर बोट आपटत म्हणायचे. म्हण चोख होती, तिच्या काळी. बाकी काहीही भासवा, देणं द्यायची वेळ आली की नाणं वाजलंच पाहिजे. आता ती म्हण गळपटली आहे. पैशाचं सोंग हेच हल्ली सगळ्यांत स्वस्त पडतं, हप्त्याने मिळतं. हळदीला डीजे, नवरीच्या प्रवेशाला धूर, वर घिरट्या घालणारा ड्रोन, नवरदेवाची शेरवानी तीन दिवसांच्या भाड्याने. आदल्या वर्षी पीक गेलेल्या घरातही हे असतं, किंबहुना तिथे जरा जास्तच. सोयरिकीला पुढची मुलगी आहे, भाव पडता कामा नये. हे सोंग की ढोंग? मी कितीदा लग्नात बसून हा प्रश्न स्वतःला विचारत जेवलो आहे.

एकदा याचं उत्तर पंगतीतच मिळालं. माझ्या चुलत वहिनीच्या गळ्यात राणीहार, पुतळ्यांची माळ, कोल्हापुरी साज, सगळं झगमगीत. शेजारच्या बाईने डोळे बारीक करून विचारलं, "केवढ्याचं केलंत?" वहिनी म्हणाली, "एक ग्रॅमचं आहे हो. खरं सोसायटीत ठेवलंय, बोअर मारली ना." आणि राणीहाराची कडी उलटी करून दाखवली. आतली बाजू तांबूस झाली होती, एका जागी पॉलिश उडून पितळ दिसत होतं. त्या बाईने आपल्या बांगड्या हलवल्या, "माझंही." मग दोघी कुठल्या दुकानाचं पॉलिश टिकतं, अत्तर लावलं की काळं पडतं का, घामाने काय होतं, यावर जिलबी संपेपर्यंत बोलत होत्या. एक ग्रॅम सोन्याची दुकानं आता तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत आहेत, आणि पाटीवरच तसं लिहिलेलं असतं. खरं सोनं तारण, खोटं गळ्यात, आणि ते खोटं आहे हे सांगायला लाज नाही. याला मी सोंग म्हणेन आणि मानाने म्हणेन. त्याच मांडवात मुलाचे वडील मात्र त्याची नोकरी 'कंपनीत परमनंट' असल्याचं सांगत फिरत होते. ते खोटं होतं हे कळायला पुढे सहा महिने लागले. तिथे कडी उलटी करून कुणी दाखवत नाही.

इथे मला आमच्या गल्लीत येणारा पोलीस आठवतो. खाकी शर्ट एका छटेचा, पँट दुसऱ्या. डाव्या दंडावर तीन फिती, उजव्यावर दोन. छातीवर बिल्ले लावलेले, त्यातले काही सोड्याच्या बाटलीची बुचं चपटी करून बनवलेले. पायात कॅनव्हासचे बूट. शिट्टी फुंकत तो दारात यायचा, वही उघडायचा आणि खणखणीत आवाजात आरोप वाचायचा: या घरातल्या कोंबड्याने सरकारी परवानगीशिवाय बांग दिली, सबब घरमालकाच्या नावाने वॉरंट. लहान पोरं चुलीमागे पळायची. मोठी माणसं हसायची, पण लगेच नाही; आधी क्षणभर दचकायची, मग बुचांचा बिल्ला दिसायचा, मग हसायची. तो क्षणभराचा दचका हीच त्याची कला होती. त्या चुकीच्या फिती, ती बुचं तो मुद्दाम ठेवायचा असं माझं ठाम मत आहे. बघणाऱ्याला आत शिरायला दार ठेवावं लागतं.

तो बहुरूपी होता. आमच्याकडे त्याला रायरंदही म्हणत. काही दिवस गावात मुक्काम. आज पोलीस, उद्या वैदू, परवा सासरी निघालेली सून. आणि शेवटच्या दिवशी तो स्वतःच्या कपड्यांत यायचा, साधं धोतर, सदरा, आणि सुपातून ज्वारी घेऊन जायचा. त्या दिवशी तो ओळखू येत नसे. आजी म्हणायची, हा कोण? तो म्हणायचा, "कोंबड्याचं वॉरंट मीच आणलं होतं, आई." सगळ्यात शेवटी स्वतःच्या रूपात येऊन बिदागी मागणं हा त्या धंद्याचा नेम होता.

गंमत म्हणजे कायद्यालाही हा भेद ठाऊक होता. भारतीय दंड संहितेच्या कलम 171 मध्ये सरकारी नोकराचा पोशाख घालण्याला तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंतचा दंड होता. पण नुसता पोशाख घालणं हा गुन्हा नव्हता. मी खरोखरच तसा नोकर आहे असं लोकांनी मानावं हा इरादा, किंवा लोक तसं मानतील याची जाणीव, हवी होती. इंग्रजांनी 1860 साली केलेल्या कायद्यात बुचांच्या बिल्ल्याला अशी पळवाट होती. तेव्हाच्या मसुदा करणाऱ्यांनी नाटकंबिटकं पाहिली असणार.

पण गाव राहिलं नाही, वस्ती झाली, आणि वस्तीला अनोळखी माणसाकडे बघण्याची एकच तऱ्हा येते. 2012 च्या मे महिन्यात नागपूरच्या कळमना भागात सोंग घेऊन भिक्षा मागत फिरणाऱ्या तिघांना जमावाने संशयावरून ठार मारलं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच जण मारले गेले. ते बहुरूपी नव्हते, मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, पिढ्यान्पिढ्या भिक्षेवर जगणारे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप तेव्हा मोबाईलवर फिरत होते. पाचही जणांना एका खोलीत कोंडून मारलं. त्यांनी कुठलंच सोंग आणलं नव्हतं, ते जसे होते तसेच आले होते, आणि तरीही जमावाला ते सोंग वाटलं. मी मघाशी आजीची नजर म्हणालो ती हीच; पेज वाढता वाढता 'कुठला रे तू' विचारणारी. ती नजर गेली की रंगवलेला आणि न रंगवलेला, दोघेही सारखेच दिसायला लागतात.

ज्यांना ओळखायला हवं होतं ते तेवढ्यात दुसऱ्या दाराने घरात आले. फोन वाजतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर काढलेल्या सिमवरून गुन्हा घडलाय. मग व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, इस्त्री कडक, फिती दोन्ही दंडांवर बरोबर मोजून. मागे राष्ट्रध्वज, बोधचिन्ह, वायरलेसची खरखर. कॅमेरा बंद करायचा नाही, घरातल्या कुणाला सांगायचं नाही, आणि 'पडताळणी'साठी खात्यातले पैसे अमुक खात्यात वळते करायचे. याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. असली अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं. त्याच वर्षी लुधियानाचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांचे सात कोटी रुपये गेले. त्यांच्यासाठी तर भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची सुनावणीच पडद्यावर उभी केली होती, सरन्यायाधीशांसकट. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांवर हा प्रसंग आला तेव्हा ते अख्खी रात्र खुर्चीत बसून होते. लघवीला जातानाही त्यांनी परवानगी मागितली. सुदैवाने सकाळी मोलकरीण आली आणि तिने तो चेहरा पडद्यावर पाहून विचारलं, "हा कोण बाबा, रात्रभर जागाच आहे?" तेवढ्या प्रश्नाने मास्तर भानावर आले आणि त्यांनी 1930 वर फोन लावला.

मास्तरांना मी नंतर विचारलं, संशय कसा आला नाही? ते म्हणाले, "अहो, सगळं अगदी बरोबर होतं. एक चूक नव्हती." मास्तर आयुष्यभर वह्यांतल्या चुका शोधत आलेले. चूक नाही म्हणजे खरं, हा त्यांचा हिशेब.

मागच्या श्रावणात आमच्या रस्त्यावर हनुमान आला होता. अंगाला शेंदरी रंग, पाठीला तारेवर कापड गुंडाळून केलेली शेपटी, हातात पुठ्ठ्याची गदा. बोलता बोलता कळलं की तो परभणीकडचा, बहुरूप्याच्या घरातला. त्याचा आजा पोलीस आणायचा. मी विचारलं, तू का नाही आणत? म्हणाला, "आता जमत नाही साहेब. खरे पोलीस विचारतात, कपडे कुठनं आणले. आन लोक हसत नाहीत. दार लावून आतनं व्हिडिओ काढतात." शंकर, हनुमान, फार तर यमराज. यमाला कार्यक्रमात बोलावतात, हेल्मेट सप्ताहात. तिथे चहा-नाश्ता मिळतो. त्याने शेंदरी कमरपट्ट्यातून प्लास्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड काढून आपण होऊन दाखवलं. फोटोत रंग नव्हता, त्यामुळे मला त्यावरून काही ताडता आलं नाही, पण मी मान हलवली.

गदेच्या मागच्या बाजूला क्यूआर कोड चिकटवला होता. मी पैसे पाठवले. त्याच्या मोबाईलवर निरोप यायला वेळ लागत होता, रेंज नव्हती. त्याने माझा फोन हातात घेतला, हिरवी खूण पाहिली, वरची वेळ पाहिली, बोटाने पडदा खाली ओढून परत पाहिली. "रागावू नका," म्हणाला, "खोटे स्क्रीनशॉट दाखवून जातात माणसं. काल एकानं असंच शंभराचं केलं." मग शेपटी सावरून पुढच्या दाराकडे गेला.